कार्बन झालाय म्हणतात, पण नक्की कुठे?

प्रश्न : नमस्कार सर, माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, साधं एमपीएफआय इंजिन (पेट्रोल थेट सिलेंडरात न जाता आधी व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं ते), ७० हजार किलोमीटर झालेत. रोज घर ते दुकान एवढीच फिरते, तीन-चार किलोमीटर. हल्ली सकाळी स्टार्ट केली की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरते, सिग्नलला मधेच बंद पडते, आणि पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला पिकअप कमी वाटतो. सर्व्हिस सेंटरला नेली तर बॉनेट न उघडताच म्हणाले कार्बन झालाय, डीकार्बनायझिंग म्हणजे कार्बन साफ करून घ्या, अडीच हजार होतील. करून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लगेच पैसे भरू नका. कार्बन म्हणजे काजळी-तेलाचा काळा थर, तो झाला असेलही, पण इंजिनात कार्बन धरायच्या जागा तीन-चार आहेत आणि प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे, त्यामुळे नुसतं "कार्बन झालाय" ऐकून पावती फाडायची नाही, "कुठे झालाय ते दाखवा" म्हणायचं. बॉनेट न उघडता ज्यांना कार्बन दिसतो त्यांच्याकडे गाडी ठेवायची का, हे तुम्हीच ठरवा.

तुमची लक्षणं वाचून मला पहिला संशय येतो तो थ्रॉटल बॉडीवर. एअर फिल्टरकडून येणारा जाड रबरी पाईप काढला की आत एक गोल झडप दिसते, इंजिनात हवा किती जाणार ते ही झडप ठरवते आणि आयडलिंगला ती जेमतेम फटीएवढी उघडी असते. आता इंजिनाच्या खालच्या भागातली तेलकट वाफ बाहेर न सोडता परत इनटेकमध्येच (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) घेतलेली असते, ती वाफ आणि थोडी धूळ मिळून झडपेच्या कडेला काळी चिकट रिंग धरते. बोट फिरवलं तर ग्रीससारखं काळं लागतं. फट बुजली की आयडलिंगला हवा कमी पडते, मग गाडी थरथरते नाहीतर बंदच पडते. हे साफ करायला कुठलंही मशीन लागत नाही, थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे आणि मऊ फडकं पुरतं. फक्त झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर इग्निशन चालू असताना बोटाने ढकलायची नाही, आतले गिअर प्लॅस्टिकचे असू शकतात. आणि साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावून आयडल परत शिकवावं लागतं, नाहीतर रेस जास्त राहते आणि माणूस म्हणतो साफ केल्यावर उलट बिघडली.

त्याच वेळी स्पार्क प्लग काढून बघायला सांगा, स्वतः बघा, कारण प्लग म्हणजे आत काय चाललंय त्याचा पुरावा हातात येतो. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर आत ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर बघायचे. आणि ओलं तेलकट काळं असेल तर ऑईल जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, तिथे कितीही डीकार्बनायझिंग करा, कार्बन परत होणारच कारण मूळ तसंच राहतं.

चढाला पिकअप कमी आहे म्हणता, तेव्हा बारीक टकटक पण ऐकू येते का? येत असेल तर पिस्टनच्या डोक्यावर कार्बन असू शकतो. तिथे थर बसला की ज्वलनाची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, आणि थर तापलेला राहतो, त्यामुळे पेट्रोल प्लगच्या ठिणगीशिवाय नको त्या वेळी आपोआप पेटतं, तीच ही टकटक. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापतच नाही, सगळ्यात जास्त कार्बन अशाच गाड्यांना धरतो. महिन्यातून दोन-तीनदा गाडी हायवेला न्या, इंजिन चांगलं तापू द्या, एक गिअर खाली ठेवून अर्धा-पाऊण तास चालवा. सोबत पॉलीइथरअमाईन असलेलं फ्युएल सिस्टम क्लीनर एका टाकीला, बाटलीवर लिहिलंय त्याच प्रमाणात टाका, हे रसायन खरंच काम करतं.

आता चौथी जागा, इनटेक व्हॉल्व्हची, म्हणजे सिलेंडरात हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हची मागची बाजू. तुमच्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागेच फवारलं जातं म्हणून तो बऱ्यापैकी धुतला जातो. पण ज्यांच्या गाडीच्या नावात जीडीआय, टीजीडीआय, टीएसआय असलं काही आहे त्यांनी हे नीट वाचा. तिथे पेट्रोल थेट सिलेंडरात जातं, व्हॉल्व्हला लागतच नाही, त्यामुळे तेलाची वाफ त्याच्यावर भाजून कडक खपली होते, आणि टाकीत कुठलंही महागडं क्लीनर ओता, ते तिथे पोचणारच नाही. त्याला खात्रीचा उपाय म्हणजे मॅनिफोल्ड (सिलेंडरांना हवा वाटून देणारे पाईप) उतरवून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारणे. भुगा खपली काढतो पण धातूला ओरखडा पाडत नाही, फक्त ज्या सिलेंडरचं काम चाललंय त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद असले पाहिजेत, नाहीतर भुगा आत जाईल. हे अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

राहिलं ते डीकार्बनायझिंगसाठी इंजिनात हायड्रोजन सोडणारं मशीन. इनटेकला पाईप लावतात, गाडी आयडलिंगला ठेवतात, नंतर थोडी हलकी वाटते. कडक खपली त्याने निघते असं मी मानत नाही. करायचंच असेल तर आधी आणि नंतर बोरोस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) फोटो काढून द्या म्हणावं, फोटोला नाही म्हणाले तर आपणही नाही म्हणायचं. टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळात सायलेन्सर आणि हेड खरवडणं नेहमीचं काम होतं कारण ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. आताच्या गाडीचं मॅन्युअल उघडून सर्व्हिस शेड्युल वाचा, ठराविक किलोमीटरला डीकार्बनायझिंग करा असं तिथे लिहिलंय का ते बघा आणि तेच पान त्यांना दाखवा.

प्रश्न : माझी २०१८ ची डिझेल गाडी आहे, काळा धूर मारते, लोड घेत नाही. मेकॅनिक म्हणतो ईजीआर जाम झालाय, पत्रा लावून बंदच करून टाकू. करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जाम झालाय हे खरं असेल, पत्रा लावू नका. ईजीआर सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इनटेकमध्ये फिरवतो म्हणजे ज्वलनाचं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजन ऑक्साईड कमी होतात. तो बंद करणं म्हणजे प्रदूषणाची व्यवस्था काढून टाकणं, ते नियमात बसत नाही आणि बऱ्याच गाड्यांना चेक इंजिन लाईट पण लागतो. धुराची काजळी आणि तेलाची वाफ एकत्र आली की आत डांबरासारखा जाड लेप बसतो. व्हॉल्व्ह खोलून क्लीनरने साफ करा, गॅस्केट नवीन टाका, आणि खोललंच आहे तर मॅनिफोल्डचं तोंडही बघा, तिथे निम्मं भोक बुजलेलं असलं तर नुसता व्हॉल्व्ह साफ करून फरक पडणार नाही. टर्बोचे (इंजिनात हवा दाबून ढकलणाऱ्या पंख्याचे) पाईप कुठे फुटलेत का तेही तपासा, हवा गळली तरी असाच काळा धूर येतो.

ज्यांच्या डिझेल गाड्या एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ आहेत त्यांना डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर असतो, तो काजळी साठवतो आणि तापवून स्वतःच जाळतो. त्याचा लाईट लागला की दुर्लक्ष करू नका, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा आणि काजळी जाळायचं काम अर्धवट असताना गाडी बंद करू नका. ऑईल पण मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, कारण चुकीच्या ऑईलची राख डीपीएफमध्ये बसते आणि राख काही जळत नाही.

प्रश्न : व्हिडिओत बघितलं की चालू इंजिनमध्ये पाईपने पाणी सोडलं की कार्बन निघतो, कोणी प्लगच्या भोकातून रॉकेल टाकतात. घरी करू का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : कृपा करून नको. पाण्याची वाफ कार्बन सैल करते हे खरं आहे, पण प्रमाण थोडं चुकलं तर पाणी पिस्टनच्या वर भरतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. रॉकेल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात) उतरतं आणि सगळं ऑईल पातळ करतं. गॅरेजमध्ये प्लगच्या भोकातून कार्बन साफ करायचा फोम मारून घेतलात तरी सेल्फ मारायच्या आधी तो पूर्ण ओढून काढलाय ना बघा, आणि ऑईल-फिल्टर त्याच दिवशी बदलून घ्या.