फ्रेंचमध्ये कौतुक कसं करावं?

प्रश्न : फ्रेंच सहकाऱ्यांच्या कपड्यांचं कौतुक करायला कोणतं वाक्य पाठ करावं?

उत्तर : एकच करायचं तर ‘सा वू वा त्रे ब्यँ’, म्हणजे ‘हे तुम्हाला फार छान दिसतं’. शब्दशः अर्थ ‘हे तुम्हाला छान जातं’. समोर बाई असो की पुरुष, वाक्य बदलत नाही, म्हणून नवशिक्यांना आम्ही हेच सुचवतो. जवळच्या माणसाला ‘वू’ऐवजी ‘त’ म्हणा. वस्तूचं नाव घेतलंत तर क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे चालतं : ड्रेससाठी ‘सेत रॉब वू वा ब्यँ’, पण चष्म्यासाठी ‘से ल्युनेत वू वों ब्यँ’, कारण फ्रेंचमध्ये चष्मा अनेकवचनी आहे.

थेट माणसाची स्तुती करताना मात्र लिंग सांभाळावं लागतं. ‘तुम्ही फार रुबाबदार आहात’ हे पुरुषाला ‘वू-झेत त्रे-झेलेगाँ’, बाईला ‘त्रे-झेलेगाँत’. लिहिताना एकच अक्षर वाढतं, पण त्यामुळे मुका ‘त’ बोलू लागतो. तो गाळलात तर बाईला पुल्लिंगी विशेषण लागतं. ‘गाँ’ नाकातून काढा, मागे ‘न’ जोडू नका.

प्रश्न : ‘बॉन’ म्हणजे चांगली ना? मग ‘त्यु ए बॉन’ म्हटल्यावर मैत्रीण का चिडली?

उत्तर : बाईबद्दल नुसतं ‘बॉन’ म्हटलं की बोलीभाषेत त्याचा अर्थ शरीराकडे वळतो आणि तो अश्लील ठरतो. स्वभावाचं कौतुक असेल तर ‘त्यु ए झाँतीय’, म्हणजे ‘तू प्रेमळ आहेस’, म्हणा. विषय जोडला की ‘बॉन’ निर्धोक होतं : ‘त्यु ए बॉनाँ मात’, म्हणजे ‘तू गणितात हुशार आहेस’. असाच दुसरा फसवा शब्द ‘ब्यँ’ (छान). ‘ज तेम’ ही प्रेमाची कबुली, पण ‘ज तेम ब्यँ’ ही नुसती मैत्री. ‘ब्यँ’ने प्रेम वाढत नाही, उलट उतरतं.

प्रश्न : माझं काम पाहून साहेब ‘पा माल’ म्हणाले. नाराज असतील का?

उत्तर : बहुधा नाही. शब्दशः ‘वाईट नाही’ असलं, तरी त्याचा अर्थ ‘बरंच चांगलं’ असा घेतात. ‘पा माल द्यु तू’ (अजिबात वाईट नाही) ही तर चांगलीच शाबासकी.

प्रश्न : कौतुक खुशामतीसारखं कधी वाटतं?

उत्तर : विशेषणांचा ढीग लागला की. ‘मान्यिफिक’ (अप्रतिम) हा मुळातच टोकाचा शब्द, त्याला ‘त्रे’ (फार) जोडत नाहीत. जोर हवाच असेल तर ‘व्रेमाँ मान्यिफिक’ (खरोखर अप्रतिम) म्हणा. आपण लोणी लावतो, तसं फ्रेंच लोक मलम लावतात : ‘पासे द ला पॉमाद’. तुमची स्तुती झाली, तर ‘मेर्सी, से झाँती’ (आभारी आहे, हा तुमचा चांगुलपणा) एवढं उत्तर पुरतं.