छतावरचे सौर पॅनेल आणि मुलीच्या शिक्षणाचे नऊ लाख

मानेवाड्यातील एक शिक्षक विचारतात: दोन कूलर आणि एका एसीमुळे महिन्याला सरासरी 300 युनिट वीज लागते, बिल साडेतीन हजारांवर जाते, 3 किलोवॅटचे सौर पॅनेल बसवावे का? जाता जाता ते लिहितात की, मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणाची नऊ लाखांची मुदत ठेव मोडून, बँकेतील अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून, सहा महिन्यांपूर्वी सारी रक्कम ऊर्जा क्षेत्राच्या म्युच्युअल फंडात टाकली. प्रवेश पुढच्या वर्षी आहे.

पॅनेल बसवा. आपले दरपत्रक 1,95,000 रुपयांचे आहे. पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 वजा जाता 1,17,000 उरतात, मात्र अनुदान मागाहून जमा होत असल्याने आधी पूर्ण रक्कम हाताशी हवी. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरले तर महिन्याला साडेतीनशे होतात. वीज वापरा वा न वापरा, बिलात येणारा स्थिर आकार भरावा लागला तरी वर्षाला तीस हजार वाचतील आणि चार वर्षांत पैसे वसूल होतील.

खरी चूक नऊ लाखांची आहे. 'विजेची मागणी वाढणार, म्हणून पैसे चार वर्षांत दुप्पट' हे आपल्याला ऐकवलेले गणित मला संतापजनक वाटते. मागणी वाढतेच आहे. 30 मे 2024 रोजी देशाची कमाल मागणी 250 गिगावॅटवर गेली. पण विजेचा दर नियामक आयोग ठरवतो, वितरण कंपन्यांची देणी थकतात, आणि सौरऊर्जेच्या लिलावात कंपन्या एकमेकींचे दर पाडतात. 2017 मध्ये राजस्थानातील भडला येथे बोली 2.44 रुपये प्रतियुनिटपर्यंत उतरली होती. स्वस्त वीज ग्राहकाच्या हिताची, भागधारकाच्या नफ्याची हमी नव्हे. जानेवारी 2008 मध्ये एका वीज कंपनीच्या 450 रुपयांच्या शेअरसाठी झुंबड उडाली होती, आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी तो विक्रीदराखाली गेला.

आज आपल्या गुंतवणुकीचे मूल्य 8,70,000 आहे. ती 30 टक्के घसरली तर सहा लाखांच्या आसपास राहील, आणि महाविद्यालय शुल्कासाठी बाजार सावरण्याची वाट पाहणार नाही. पहिल्या दोन वर्षांचे सहा लाख याच आठवड्यात काढून मुदत ठेवीत टाका. पैसे लवकर काढल्याबद्दल फंड कापतो तो एक टक्का निर्गमन भार (एक्झिट लोड), म्हणजे सहा हजार जातील, ते जाऊ द्या. उरलेले 2,70,000 तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या शुल्काचे आहेत, तेही तेथे ठेवू नयेत. पॅनेलसाठी मात्र यातला रुपयाही वापरू नका, त्यासाठी बँकेचे सौर कर्ज घ्या. आणि पाहणीला माणूस येईल तेव्हा त्याला दुपारी चारला गच्चीवर न्या, कारण आपल्या छायाचित्रात टाकीची सावली नेमकी पॅनेलच्या जागेवर पडलेली दिसते.