पुदिन्याच्या अर्कावर काम सुरू करताना

अर्क जंतू मारतो का हे तपासायच्या प्रकल्पाला पुदिना निवडलास, छान केलंस. पण बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून जुडी आणून थेट मिक्सरला लावू नकोस. आधी जात ओळख. भाजीतला पुदिना बहुधा मेंथा स्पायकाटा, त्याच्या तेलात कार्व्होन हे सुगंधी द्रव्य जास्त. थंडावा देणारं मेंथॉल हवं तर मेंथा आर्व्हेन्सिस ही जात. सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात फांदी दाखवून खात्री करून घे. पानं सावलीतच वाळव, उन्हात तेल उडतं.

पाण्यात उकळलेल्या अर्कात रोझमॅरिनिक आम्लासारखी फिनॉलिक द्रव्यं उतरतात. मेंथॉल, कार्व्होन पाण्यात फारसे विरघळत नाहीत, शिवाय वाफेबरोबर निघून जातात. त्यामुळे काढ्याचा निकाल पाहून ‘मेंथॉलने जंतू मारले’ असं लिहू नकोस.

नवखे सर्वांत जास्त चुकतात ते इथे: जंतू पसरलेल्या प्लेटवर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात, पण नुसत्या द्रावकाची (पाण्याऐवजी इथेनॉलमध्ये अर्क काढला तर इथेनॉलची) चकती ठेवायची राहते. इथेनॉल स्वतःच जंतू मारतं! अर्काची चकती पूर्ण सुकू दे आणि त्याच प्लेटवर फक्त इथेनॉलची, तशीच सुकवलेली चकती ठेव.

ई. कोलाय या जीवाणूच्या प्लेटवर चकतीभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ लहान आलं तर नाउमेद होऊ नकोस. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंचं बाहेरचं आवरण अशी द्रव्यं अडवतं. असं आवरण नसलेल्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूवर परिणाम बहुतेकदा जास्त दिसतो.

एमआयसी (जंतूंची वाढ रोखणारं अर्काचं किमान प्रमाण) आणि जीसी-एमएस (अर्कातली द्रव्यं ओळखायची यंत्रचाचणी) नंतर बघू. आधी तीन प्लेटांवर निकाल सारखा येऊ दे.