पूर्वाभिमुख नकाशा की आडवा नकाशा?

विचारणा अशी आहे: बायबलमधल्या पवित्र भूमीच्या जुन्या नकाशांवरच्या टिपा मराठीत आणायच्या आहेत. ज्या नकाशात पूर्व दिशा वर आहे, त्याला 'आडवा नकाशा' म्हणावं का?

नको. 'पूर्वाभिमुख' म्हणा. 'आडवा' म्हटलं की नकाशा चुकून फिरवला असं वाटतं. १५९० साली छापलेल्या, ॲड्रिकॉम या डच धर्मगुरूच्या नकाशात पश्चिमेचा भूमध्य समुद्र तळाशी आहे, आणि ते मुद्दाम आहे. जॉर्डनमधल्या मादबा गावी चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकातला मोझेक नकाशा आहे, तोही असाच. त्यात यार्देन (जॉर्डन) नदी डावीकडून उजवीकडे वाहत मृत समुद्राला मिळते, आणि मुखाजवळ एक मासा तोंड फिरवून उलटा पोहत निघालाय. पुढचं पाणी खारं! पूर्वेकडे तोंड करून त्या फरशीवर उभं राहिलं की नकाशातली दक्षिण आणि खरी दक्षिण दोन्ही उजव्या हाताला येतात.

पूर्व समोर धरणं आपल्या भाषेला मुळीच परकं नाही. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचा, आधीचा, आणि पूर्व दिशाही. हिब्रूतल्या 'केदेम'चे अर्थ तेच: समोर, प्राचीन काळ, पूर्व. 'दक्षिण' म्हणजे उजवा. देवळात आपण प्रदक्षिणा घालतो ती देव उजव्या हाताला ठेवून. हिब्रू 'यामीन' म्हणजेही उजवा आणि दक्षिण. आपलं दख्खन 'दक्षिण'वरून आलं, आणि अरबस्तानातल्या येमेनचं नाव बरेच जण 'यामीन'च्याच धातूशी जोडतात. 'पश्चिम' म्हणजे मागचा, शेवटचा. हिब्रू बायबलात भूमध्य समुद्राला काही ठिकाणी चक्क 'मागचा समुद्र' म्हटलंय. दोन भाषाकुळं वेगळी, पण दोन्हीकडचा माणूस उगवतीकडे तोंड करून उभा. मला तरी शब्दांच्या अभ्यासात यापेक्षा सुंदर जोडी फारशी भेटलेली नाही.

'ओरिएंटेशन' हा शब्दही लॅटिनमधल्या उगवतीच्या शब्दावरूनच आलाय. म्हणून घराला, देवळाला लावतो तोच 'पूर्वाभिमुख' इथेही शोभतो. कुणाला अडखळायला झालंच तर पहिल्यांदा 'पूर्वाभिमुख (पूर्व वर असलेला)' असं लिहा, पुढे नुसतं 'पूर्वाभिमुख' पुरे.

उत्तर दिशेच्या नेहमीच्या नावाचा मूळ अर्थ मात्र डावा हात नाही. 'उत्तर' म्हणजे अधिक वरचा, उंच. हिब्रूत उत्तरेला 'त्साफोन' म्हणतात, आणि सीरियाच्या किनाऱ्यालगतच्या एका उंच डोंगराचं जुनं नावही तेच आहे.