बिल वेगळं, मोडतोड वेगळी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतका तापला होतास की मला निम्मंच कळलं, म्हणून लिहायला बसलो. कळलं ते एवढं: गोव्यात पर्वरीचा फ्लॅट, मालक पुण्याला, लादीचं काम चवथीआधी पुरं करून दिलंस आणि आता ते शेवटचे अडतीस हजार अडवून बसलेत. कारणं तीन. चौरस फूट वाढवून लावलेत, हॉलमधल्या काही लाद्या पोकळ वाजतात, आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर ओरखडा आहे. तू म्हणालास, "काका, पाच हजार सोडतो आणि विषय संपवतो." तसा संपवू नकोस.

त्यांनी तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आणि तूही एकाच आकड्यात उत्तर द्यायला निघालास. बिल हे मापाचं काम आहे, मोडतोड कशी झाली हे शोधण्याचं काम वेगळं. दोन्ही एकत्र आलं की मग घासाघीस उरते, आणि घासाघिशीत ज्याच्या खिशात पैसे आहेत तोच वरचढ.

आधी माप. मालक फ्लॅटच्या खरेदी करारातला कार्पेट एरिया धरून बसलेत ना? मग तुमचा आकडा जन्मात जुळणार नाही. २०१६च्या रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याने कार्पेट एरियात आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते आणि बाल्कनी वगळली जाते. आपण भिंतीखाली लादी घालत नाही, बाल्कनीत घालतो. बाथरूमच्या भिंतींचा डॅडो, म्हणजे भिंतीवर लावलेली लादी, तर त्या हिशेबात येतच नाही. दुसरा घोळ बॉक्सचा. दोन बाय चार फुटी लादीच्या बॉक्सात दोन लाद्या, दुकानदार सोळा चौरस फूट म्हणून विकतो. पण ती लादी ६०० बाय १२०० मिलिमीटर, म्हणजे पावणेआठ चौरस फूट, बॉक्सला साडेपंधरा. साठ बॉक्सांवर तीस फुटांचा फरक पडतो. त्यात कटिंगचे तुकडे वेगळे. तुझी मजुरी बसवलेल्या लादीवर आहे, आणलेल्या बॉक्सांवर नाही. हे त्यांच्याही बाजूचं आहे, तेव्हा स्वतःहून सांग. खोलीगणिक लांबी-रुंदी लिही, स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाची पट्टी, रनिंग फुटात (नुसत्या लांबीने) वेगळं मांड, उंबरे वेगळे. मग त्यांच्या माणसाच्या हातात टेपचं दुसरं टोक दे आणि दोघांची सही घे. टेप धरलेला माणूस सहसा भांडत नाही, असा माझा अनुभव आहे.

जीएसटीचं बिल मागताहेत म्हणालास. वर्षाची मजुरी वीस लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, तर बिलावर जीएसटी लावायचा तुला अधिकारच नाही. साधं बिल दे, नंबर घालून. पुढे.

आता पोकळ लाद्या. इथे घाई करू नकोस आणि "पोकळ वाजली म्हणून काय झालं" असं तर अजिबात म्हणू नकोस. नाण्याने एकेक लादी वाजव, पोकळ भागावर मास्किंग टेप लाव, फोटो काढ, कागदावर हॉलचा नकाशा काढून खुणा कर. कोपऱ्यात बोटभर पोकळ असेल आणि वर कपाट असेल तर ती वर्षानुवर्षं तशीच राहते. दारासमोरची, जिथे पाय पडतो ती, किंवा पलंगाच्या पायाखालची तडकणार. ती बदलायचीच.

एक उचलून बघ, म्हणजे कारण कळेल. खालच्या मालात, म्हणजे सिमेंटच्या थरात, खड्डे दिसले तर हात कमी पडला, ते आपलं. माल सगळीकडे भरलेला आणि लादीची पाठ कोरी असेल तर पकडच झालेली नाही. व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती धरत नाही. म्हणून तर ॲडेसिव्ह, लादी चिकटवायचा तयार मसाला. मालकांनी खर्च वाचवायला ॲडेसिव्ह नाकारलं होतं, हे तू तोंडीच सांगतोस. व्हॉट्सॲपवर तेव्हा एक ओळ टाकली होतीस का, ते शोध. पण थांब: लादीच्या पाठीला भट्टीची पांढरी भुकटी असते. ती पोरांनी न पुसता लादी बसवली असेल तर ॲडेसिव्हचं नाव पुढे करू नकोस. पाठीवरून बोट फिरव, आधी स्वतःला खरं उत्तर दे.

आपली चूक निघाली तर दुरुस्ती दे, सूट देऊ नकोस. हे मी पुन्हा लिहितो, कारण तुझ्या वयाची सगळी पोरं इथेच फसतात. पाच हजार सोडलेस तरी लादी तिथेच राहते. पुढच्या मिरगात ती फुटली की मालक म्हणणार, तेव्हाच कबूल केलं होतं, म्हणून तर पैसे सोडले. लादी बदललीस तर तक्रार संपते आणि बिल पुरं मागता येतं. त्यासाठीच मी कामावर चार-पाच लाद्या राखून ठेवायला सांगतो, बॉक्सवरचा शेडचा आणि बॅचचा नंबर फोटोत धरून. गुजरातेत मोरबीला लाद्या बनतात, तिथून पुढच्या लॉटला तोच रंग येईलच याची खात्री कुणीही देत नाही.

ओरखड्याचं म्हणशील तर तुझ्यानंतर तिथे प्लंबर गेला, सुतार गेला, एसीवाला गेला. तू आत शिरण्याआधीचा व्हिडिओ नाही, काम सोपवतानाचाही नाही, मग कुणी ओढला हे कुणीच सिद्ध करू शकत नाही. तेव्हा आरोपही मान्य करू नकोस आणि एसीवाल्यावरही ढकलू नकोस. "माझ्या काळात झाल्याचं मला दिसलेलं नाही, दाखवा, बघतो," एवढंच. पॉलिश करून देणार असशील तर "जबाबदारी म्हणून नव्हे, सौजन्य म्हणून" असं लिहून दे. एक मात्र विचार: पोरांनी शेवटी ॲसिडने धुतलं का? नळांचं क्रोम काळं पडलं असेल तर ते तुझ्या माणसांचं, म्हणजे तुझंच. रोज देतोस त्याचा हातही तुझा धरला जातो.

पुढच्या कामांसाठी आत्ताच लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे पाऊस प्रत्येक घरातली भांडणं वर काढतो. चिऱ्याच्या जुन्या घरात तळमजल्यावर जमिनीतून ओल चढते आणि सांध्यांतून पांढरा खार फुटतो. त्याचं खापर लादीवाल्यावर येतं. काम घ्यायच्या आधी ओल दाखव, लिहून दे. मात्र खाडीची रेती स्वस्त मिळाली म्हणून वापरलीस तर तो खार तुझाच. बाथरूमचं तसंच: वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लादीच्या आधी, पाणी साठवून एक दिवस ठेव आणि खालच्या छताचा फोटो घे. लादी पाणी अडवत नाही, सांध्यात भरलेलं ग्राउटही नाही. गिऱ्हाइकाला हे काम संपल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

तू रागात म्हणालास, जाऊन लाद्या उखडून आणतो. बसवलेली लादी त्यांची झाली. उखडलीस तर तक्रार तुझ्यावर होईल, आणि खरी होईल. पैसे बुडणार म्हणून घाबरूही नकोस. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल तर केलेल्या कामाचे पैसे मागायला काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. काही न ठरवता, पण फुकट करायचं नाही अशा हेतूने केलेलं जास्तीचं काम मालकाने वापरात घेतलं असेल तर १८७२च्या करार कायद्याचं कलम ७० तुझ्या बाजूने बोलतं. पण ते शेवटचं. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावा न लावताही समेटासाठी अर्ज करता येतो. मालकाला ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं आहेत आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हणजे तो सहज जाऊ शकतो. तिथून नोटीस आली तर तीस दिवसांत लेखी उत्तर गेलं पाहिजे. आयोग फार तर पंधरा दिवस वाढवून देतो.

आता त्यांना फोन नको, मेसेज लिही. असा: "माप शनिवारी तुमच्या माणसासमोर घेऊ. पोकळ लाद्या तपासून बदलून देतो. तोवर त्या दुरुस्तीपुरते सहा हजार तुमच्याकडे ठेवा, उरलेले बत्तीस द्या." वाद नसलेले पैसे वादातल्या पैशांपासून असे सोडवून घ्यायचे. पुण्याहून ते येणार नाहीत, मेव्हण्याला पाठवतील. त्याला पात्रांव (शेठ) म्हण, चहा पाज, पण सही घेतल्याशिवाय सोडू नकोस.

मेसेज पाठवण्याआधी मला दाखव. मापाचा कागदही आण. स्कर्टिंगमध्ये दारं वजा केलीस की नाही याची मला शंका आहे.

तुझा,
काका