एलएलएमसाठी न्यूयॉर्क विद्यापीठ की ऑक्सफर्ड?

एलएलएम म्हणजे कायद्यातील पदव्युत्तर पदवी. तिच्यासाठी दोन्हीकडे प्रवेश मिळाला असेल, तर क्रमवारी बाजूला ठेवून पुढे वकिली कोठे करायची, हे आधी ठरवावे. ज्याच्या मूळ पदवीत कालावधीची किंवा कॉमन लॉच्या (न्यायालयीन निवाड्यांवर उभ्या असलेल्या इंग्लिश कायदापद्धतीच्या) अभ्यासाची उणीव आहे, अशा परदेशी पदवीधराला किमान २४ क्रेडिटचे, ठरावीक विषय असलेले अमेरिकी एलएलएम न्यूयॉर्कच्या बार परीक्षेची (वकिलीच्या परवान्यासाठीच्या परीक्षेची) वाट खुली करते. ऑक्सफर्डच्या बीसीएलने (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ; नावात बॅचलर असले तरी ही एलएलएमसारखी पदव्युत्तर पदवीच आहे) ते काम होत नाही. अध्यापन किंवा संशोधनाकडे ओढा असल्यास मात्र माझा कौल निःसंशय बीसीएलला, कारण तेथील ट्युटोरियलमध्ये मोजक्या विद्यार्थ्यांसमोर आपल्या युक्तिवादाची अक्षरशः चिरफाड होते. विषययादी मात्र प्रवेशाच्याच वर्षाची तपासावी; हवे ते प्राध्यापक नेमके त्या वर्षी रजेवर असू शकतात.