घरासाठी सेंट्रल एसी बसवताना गरजेपेक्षा एक टन जास्तीचा घेतला तर चालेल का?

नका घेऊ, घराचा हीट लोड (घरातून ताशी किती उष्णता बाहेर काढावी लागेल तो हिशोब) काढून जेवढे टन येतील तेवढ्याचाच घ्या. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. मशीन मोठं असलं की खोली झटकन गार होते, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो, कारण मशीनमधल्या गार नळ्यांवर (कॉइलवर) पाणी जमून वाहून जायला मशीन सलग चालावं लागतं. मग गार असूनही चिकचिक वाटते, शिवाय सारख्या चालू-बंदने कॉम्प्रेसर झिजतो. डक्टचं (खोल्यांत गार हवा नेणाऱ्या पन्हाळ्यांचं) काम मी रोज करतो, म्हणून कळकळीने सांगतो: नुसत्या चौरस फुटांवरून टन सांगणाऱ्याला काम देऊ नका. त्याने हे तरी विचारायलाच हवं:

- खिडक्या किती, कोणत्या दिशेला
- छताला इन्सुलेशन आहे का
- माणसं किती

डक्टचे सांधे मॅस्टिकने (फासायच्या चिकट लुकणाने) बंद करून घ्या (साधी कापडी टेप काही वर्षांत सुटते), नाहीतर गार हवा माळ्यावरच जाते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी करू शकतो, त्यामुळे त्यात थोडं जास्त माप खपून जातं; पण एक अख्खा टन नाही.